पट मामाकडे, घड्याळं साडूंकडे

माझ्या मामाचा धंदा रबरी शिक्क्यांचा. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, छत्र्या दुरुस्त करणारा आणि चाव्या करणारा यांच्या मधे त्याचं दुकान. एक गिऱ्हाईक आत आलं की मामाला पोट आत ओढून बसावं लागायचं. गावातल्या यच्चयावत कचेऱ्यांचे 'मंजूर' आणि 'नामंजूर' त्याच्या हातचे. ज्या शिक्क्यासाठी लोक चपला झिजवायचे, तो मामा चहा गार व्हायच्या आत उलट्या अक्षरांत कोरून मोकळा व्हायचा. उलटं वाचायची त्याला एवढी सवय, की सरळ छापलेलं वाचताना तो अडखळतो, असं मामी म्हणायची. मामीच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, पण हे मी स्वतः पाहिलंय.

शिक्के पोटासाठी. कुणी "आपण काय करता?" असं विचारलं, तर मामा छाती पुढे काढून सांगायचा, "जिल्हा बुद्धिबळ संघटनेचा मानद सचिव." मानद म्हणजे राबायचं फुकट आणि शिव्या खायच्या त्याही फुकट. हॉल मिळवायचा मामानं, खुर्च्या मांडून घ्यायच्या मामानं, कोण कुणाशी खेळणार त्याच्या जोड्या लावायच्या मामानं, आणि हरलेल्या पोरांच्या आया तणतणत आल्या की त्यांचंही ऐकून घ्यायचं मामानंच. अध्यक्ष होते एक फरशीवाले. घोडा अडीच घरं चालतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, पण त्यांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. बक्षिसं वाटायला मात्र ते अगदी वेळेवर यायचे.

बुद्धिबळाला दोन माणसं आणि एक पट पुरतो, मग ही कार्यकारिणी, उपसमिती, तक्रार निवारण समिती कशाला, हे मला लहानपणी काही केल्या कळायचं नाही. एकदा विचारलं, तर मामानं मला दुकानातल्या स्टुलावर बसवलं.

"तू जिंकलीस, हे तुला कळतं आणि समोरच्याला कळतं. तिसऱ्याला कोण सांगणार? तो म्हणेल, ही घरच्या घरी जिंकून आली. आम्ही सांगितलं की ते खरं ठरतं."

"आणि तुम्ही खरं बोलताय हे कोण सांगणार?"

"आमच्या वरची संघटना."

"आणि तिचं?"

"तिच्या वरची. आता ऊठ, गिऱ्हाईक आलंय."

'वरच्यांनी कळवलंय' हे शब्द मामा इतक्या भक्तीनं उच्चारायचा, की नवख्या माणसाला वाटावं, याला थेट देवाकडून टपाल येतं. वरच्यांनी परिपत्रक काढलं की पट किती इंचांचा हवा ते बदलायचं. मग दुसरं निघायचं आणि खेळाडूंनी पायात काय घालायचं ते बदलायचं. मामा ती परिपत्रकं रात्री झोपताना वाचायचा. मामी सांगायची, की आमच्या लग्नानंतर मला वाटलं हे प्रेमपत्र वाचतायत, म्हणून मी चोरून बघितलं, तर आत 'खेळाडूने प्रतिस्पर्ध्यास त्रास होईल अशा रीतीने शिंकू नये' असं लिहिलेलं.

खेळात म्हणाल तर मामा यथातथाच. खेळायला मला शिकवलं ते मामाच्या साडूंनी. साडू म्हणजे मामीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्या बहिणीला मी मावशी म्हणायचे आणि साडूंना तोंडावर काका, पण आमच्या घरात त्यांचं नाव 'साडू' असंच पडलं होतं. त्यांची मोटार शिकवायची शाळा होती. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, जिवावर उदार होऊन दिवस काढलेला हा माणूस पटावर मात्र भलताच थंड डोक्याचा. रविवारी सगळे मामाकडे जमायचे. साडू मला डाव दाखवायचे, आणि मामा शेजारी बसून, माझं कोपर पटाला लागलं तर ते कोणत्या कलमात बसतं ते सांगायचा. संघटनेत मामा सचिव, साडू सहसचिव. दोघांचं इतकं गूळपीठ, की बायकांना वैताग यायचा.

मग ते आभारप्रदर्शन झालं.

वार्षिक सभेत आभार मानायचं काम साडूंकडे होतं. त्यांनी अध्यक्षांचे मानले, हॉलवाल्यांचे मानले, माइकवाल्याचे मानले, आणि मग जरा आठवल्यासारखं करून सचिवांचे मानले. मामाचा नंबर माइकवाल्याच्या नंतर लागला. त्यातून तो माइक सभेत निम्मा वेळ बंदच होता. मामा घरी आला तो धुमसत. साडूंना कळलं तेव्हा ते म्हणाले, "माणसाच्या नाकाला एवढ्या मिरच्या झोंबायला काय झालं?" हे मामाच्या कानावर गेलं. पुढच्या सभेत मामानं साडूंच्या प्रत्येक ठरावात खो घातला, त्याच्या पुढच्या सभेला साडू आलेच नाहीत, आणि महिन्याभरात त्यांनी वेगळी चूल मांडली. नाव तेच, जिल्हा बुद्धिबळ संघटना. अध्यक्ष एक दातांचे डॉक्टर. साडूंनी शिक्का बाहेरगावाहून करून आणला आणि त्यात 'बुद्धिबळ'मधला 'द्धि' फुटला. संघटना फोडल्याचं मामाला वाईट वाटलं असेल, पण तो शिक्का बघून त्याला दोन दिवस जेवण गेलं नाही.

पुढची पायरी म्हणजे वाटणी. संघटनेकडे लाकडी सोंगट्यांचे पट होते आणि जेवढे पट तेवढीच डावाची घड्याळं. डावाचं घड्याळ म्हणजे एका डब्यात दोन घड्याळं. आपली खेळी केली की आपलं बटण दाबायचं, मग समोरच्याचा वेळ सुरू. वाटणी करायला दोघांनी मिळून एक निवृत्त मुख्याध्यापक नेमले. ते न्यायी म्हणून प्रसिद्ध होते आणि बुद्धिबळ कधी खेळले नव्हते. त्यांनी सामानाचे नग मोजले, दोन सारखे ढीग केले, आणि एक ढीग मामाला, एक साडूंना दिला. मामाकडे सगळे पट आले. साडूंकडे सगळी घड्याळं गेली.

आणि दोघांनीही सह्या केल्या! प्रत्येकाला वाटलं, समोरचा फसला. मामा घरी येऊन मांडीवर थाप मारत म्हणाला, "बस म्हणावं आता घड्याळं बघत." तिकडे साडू मावशीला सांगत होते, "बिनघड्याळाचा डाव म्हणजे पेन्शनरांचा टाइमपास. नाक घासत येतील." नवी घड्याळं किंवा नवे पट आणायचे, तर बँकेतलं खातं दोघांच्या सहीचं. एकाच कागदावर दोघांची सही होणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं.

तरीसुद्धा पुढची तीन-चार वर्षं दोन्ही संघटनांच्या स्पर्धा व्यवस्थित झाल्या. कशा झाल्या, हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. मामाची स्पर्धा आली की आदल्या दिवशी मावशी धुणं घेऊन ताईकडे यायची. धुण्याच्या बोचक्यात घड्याळं. साडूंची स्पर्धा आली की मामी भाजीच्या पिशव्या घेऊन बहिणीकडे जायची, वर कोबी, खाली हत्ती-घोडे. मामा सकाळी हॉलवर येऊन टेबलावरची घड्याळं बघायचा आणि शून्यात नजर लावून म्हणायचा, "आलीत वाटतं." बस्स. कुठून आली हे विचारायचं नाही. परत आलेल्या सोंगट्यांना कोबीचा वास यायचा, तोही कुणी घ्यायचा नाही.

एवढं झकास चाललं होतं, तर बिघडलं कुठं? माझ्याकडे.

मी टपाल कचेरीत हंगामी होते. पत्रं निवडायच्या विभागात, भिंतीला लावलेल्या खणांसमोर दिवसभर उभं राहायचं आणि ज्या गावचं पत्र त्या खणात टाकायचं. हंगामी म्हणजे साहेबाच्या मर्जीवर. कायम व्हायचा एकच रस्ता होता, खेळाडूंसाठी राखीव जागा. त्यासाठी जिल्ह्यात पहिलं आल्याचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि ते मान्यताप्राप्त संघटनेचं हवं होतं. मी मामाच्या स्पर्धेत तीनदा पहिली आले होते. पण वरच्या संघटनेनं केव्हाच कळवून टाकलं होतं, की तुमच्या जिल्ह्याचा वाद मिटेपर्यंत मान्यता कुणालाच नाही. माझी तिन्ही प्रमाणपत्रं आईनं स्वयंपाकघरातल्या फळीवर अंथरली होती, डब्यांचे डाग पडू नयेत म्हणून. आणि वयाची अट अशी, की हे माझं शेवटचं वर्ष. घरात बाबांचं काम सुटलेलं, तेव्हा ही नोकरी गेली तर काय, हा हिशेब मी खणांसमोर उभी राहून रोज मांडायचे.

मी तडक मामाच्या दुकानात गेले.

"मामा, मी तीनदा जिल्ह्यात पहिली आले. कुठल्या जिल्ह्यात, ते सांग."

"म्हणजे?"

"म्हणजे साहेब विचारतात, ही संघटना कुणाची? मी काय सांगू, माझ्या मामाची? हसतात सगळे."

"साडूला आधी विसर्जित करायला सांग. मूळ संघटना आमची."

"तुमच्या मूळ संघटनेला चहाचा कप तरी मिळतो का कुठं तिच्या नावावर? तू आणि काका त्या वाटणीवर सह्या करून बसलात, आणि गळा माझा कापला गेला!"

मामानं हातातली कोरणी खाली ठेवली. मग म्हणाला, "वरच्यांना लिहितो."

त्यानं लिहिलं, आणि नवल म्हणजे वरच्यांनी उत्तर दिलं. अमुक रविवारी निरीक्षक येतील. दोन्ही संघटनांनी त्याच दिवशी आपापली जिल्हा अजिंक्यपद स्पर्धा घ्यावी. जिची स्पर्धा नियमात बसेल तिला मान्यता, दुसरीनं गाशा गुंडाळावा आणि तिच्या सचिवानं पुन्हा कुठलंही पद घेऊ नये. त्याच दिवशी! वरच्यांना काय माहीत, की आमच्याकडे पट एका घरात आणि घड्याळं दुसऱ्या घरात राहतात.

मामीला आणि मावशीला मात्र ते लगेच कळलं. घड्याळं एका दिवशी दोन ठिकाणी असू शकत नाहीत, एवढा हिशेब त्यांना येत होता. दोघींनी संप पुकारला. मामीनं जेवताना मामाला सांगितलं, "या खेपेला धुणं येणार नाही आणि भाजी जाणार नाही. पोरीचं आयुष्य टांगणीला लागलंय, आणि तुम्ही दोघं घोडे माझे की तुझे करत बसा." मावशीनं तिकडे साडूंना काय ऐकवलं ते मला माहीत नाही, पण मावशीचा आवाज शेजारच्या गल्लीत ऐकू जातो.

रविवार उजाडला. मामाचा हॉल म्हणजे शिवणवर्गाची खोली. मशिनी भिंतीला सरकवलेल्या, जमिनीवर दोऱ्यांचे तुकडे, आणि टेबलांवर पट मांडलेले, घड्याळ एकही नाही. मी आपल्या जागेवर बसून नखं खात होते. निरीक्षक आले. सडपातळ गृहस्थ, काखेत बॅग, चेहरा पोट बिघडल्यासारखा. त्यांनी टेबलांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "घड्याळं कुठं आहेत?"

मामा पुढे झाला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. त्यानं एक पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि घसा खाकरून म्हणाला, "घड्याळं साडूंकडे आहेत. मान्यताही त्यांनाच द्या. आमच्या कार्यकारिणीनं काल ठराव करून संघटना विसर्जित केली. हा माझा राजीनामा."

मी उठून उभीच राहिले. मामीच्या हातातली चहाची किटली कलंडता कलंडता राहिली, तिलाही पत्ता नव्हता. ज्या माणसानं स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेत नावाखाली 'मानद सचिव' छापलं होतं, त्यानं ते पद एका पाकिटात घालून देऊन टाकलं होतं. माझ्यासाठी. मला रडू आलं. फरशीवाले अध्यक्ष कोपऱ्यात बसून एवढंच विचारत होते, "मग बक्षिसं कोण देणार?"

तेवढ्यात खाली मोटार थांबली. साडूंच्या शाळेची गाडी, टपावर मोठा 'शिकाऊ'चा फलक. साडू दोन हातांत घड्याळांच्या पिशव्या घेऊन जिना चढून आले, मागे त्यांचे खेळाडू. धापा टाकत त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या, खिशातून पाकीट काढलं आणि निरीक्षकांसमोर धरलं.

"आमची संघटना काल रात्री विसर्जित केलीय. मान्यता यांना द्या. पोरीचं वर्ष वाया जायला नको."

निरीक्षकांनी दोन्ही पाकिटं दोन हातांत धरून बघितली. मग ते खुर्चीत बसले.

"म्हणजे आता," ते म्हणाले, "या जिल्ह्यात संघटनाच नाही."

"दोघांतला एक राजीनामा परत घ्या ना," मावशी म्हणाली.

"परत घेता येत नाही," मामा म्हणाला. "विसर्जित संस्था सचिवाच्या अर्जावर पुन्हा जिवंत होत नाही. घटनेत स्पष्ट आहे."

"बरोबर आहे त्यांचं," साडू म्हणाले.

आभारप्रदर्शनानंतर इतक्या वर्षांत त्यांचं हे पहिलं एकमत. कपाळाला हात लावावा की दोघांच्या पाठीत धपाटे घालावेत, मला कळेना. दोघांनी मोठ्या मनानं एकाच रात्री आपापल्या संघटनेचा जीव घेतला होता, दुसऱ्याला एका शब्दानं न विचारता. आणि माझ्या प्रमाणपत्रावर सही करायला पृथ्वीतलावर माणूस उरला नव्हता.

मामीनं किटली खाली ठेवली. "नवी काढायला किती माणसं लागतात?"

"सात," निरीक्षक म्हणाले.

मामी, मावशी, शिवणवर्गाच्या बाई, खोलीचा रखवालदार, दोन खेळाडूंच्या आया, आणि साडूंच्या गाडीत शिकायला म्हणून बसलेला आणि तसाच वर आलेला एक गृहस्थ. झाले सात. मामी अध्यक्षा, मावशी सचिव. मामाला राहवेना. "सभेची सूचना आधी द्यावी लागते..."

"अहो, तुम्ही कोण?" मामीनं विचारलं.

खरंच तो आता कुणी नव्हता. निरीक्षकांनी सांगितलं, की स्थापनेच्या सभेला सूचना लागत नाही, मान्यता ते आजच देतील, शिक्का मात्र लागेल. त्या शब्दासरशी मामा धावत दुकानात गेला आणि पहिली फेरी लागायच्या आत नवा शिक्का कोरून घेऊन आला. कुठं एक काना वाकडा नाही. पंच म्हणून जिल्ह्यात परवाना मामा आणि साडू या दोघांकडेच होता. मावशीनं सचिवपदाचा पहिला हुकूम सोडला, "मुख्य पंच भावोजी. आमच्याकडचे आवाज चढवतात, त्यांनी घड्याळं बघावीत." साडू मुकाट्यानं घड्याळांना चाव्या द्यायला लागले.

आणि स्पर्धा सुरू झाली. छोटे डाव, दिवसभरात सगळ्या फेऱ्या. पट आणि घड्याळं राजरोस एका टेबलावर बघून मला आधी तर खेळच सुचेना. पण मग हात बसला. दुपारपर्यंत मी एकच डाव बरोबरीत सोडवला, बाकी सगळे जिंकले. माझ्या पुढे अर्ध्या गुणानं एकच माणूस होता, साडूंच्या गटातला औषधांचा दुकानदार. शेवटची फेरी त्याच्याशीच लागली. बरोबरी झाली तर पहिला तो. मला जिंकणं भाग होतं.

आणि मी जिंकत होते. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी खेळले तशी पुन्हा कधी खेळले नाही. औषधवाल्याचा राजा कोपऱ्यात कोंडला होता, घामानं त्याचा चष्मा घसरत होता. त्याला एक जोरदार शिंक आली, आणि परिपत्रकाचा मान राखून तो रुमाल तोंडाला लावून मागे वळला. त्याच क्षणी मी हात पुढे केला आणि उंटाला बोटं लावली. लावली आणि दिसलं, की उंट हलला तर औषधवाल्याचा अडकलेला घोडा सुटतो आणि सगळा डाव पाण्यात जातो. हत्ती सरकवायला हवा होता. मी हात मागे घेतला. औषधवाला वळून बसला तेव्हा माझे हात मांडीवर होते.

बुद्धिबळात नियम साधा आहे. खेळायच्या इराद्यानं ज्या सोंगटीला हात लावला, तीच खेळायची. चुकून धक्का लागला असेल तर माफ. औषधवाल्यानं पाहिलं नव्हतं, आजूबाजूला कुणी पाहिलं नव्हतं. मामानं पाहिलं. तो माझ्या टेबलाशेजारी उभा होता.

त्यानं वाकून घड्याळ थांबवलं. त्याचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

"उंटाला हात लागला. चुकून लागला, की खेळायला लावला होता?"

सगळी खोली बघायला लागली. मी मामाकडे पाहिलं. कलमं तोंडपाठ असलेला, शिंकेचेसुद्धा नियम पाळणारा माझा मामा. सकाळी याच खोलीत सगळं पद माझ्यावरून ओवाळून टाकून तो उभा राहिला होता. त्याच्यासमोर खोटं बोलायचं? माझी जीभ रेटेना.

"खेळायला," मी म्हणाले.

मामानं एकदा उंटाकडे बघितलं. मग म्हणाला, "मग उंट खेळ," आणि घड्याळ सुरू केलं. मी उंट खेळले, घोडा सुटला, आणि बरोबरी झाली. औषधवाल्यानं हात मिळवला, तो ओला होता. मामीनं अध्यक्षा म्हणून पहिली सही त्याच्या प्रमाणपत्रावर केली. तो जिल्ह्याचा विजेता. त्याला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. त्यानं ते दुकानात खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीशेजारी टांगलं. टपाल खात्यातली ती जागा त्या वर्षी एका भालाफेकवाल्याला गेली. तो पत्रं लांबून अचूक टाकतो म्हणे. मला पुढच्याच महिन्यात घरी बसवलं.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं चालत घरी निघालो, मामी, मामा आणि मी. पटांची पिशवी मामाच्या खांद्यावर. मला दोघांचाही राग येत होता, मामाचा आणि माझा. तरी मनात एक बरं वाटत होतं, की निदान मामाची मान खाली गेली नाही. मामी वाटभर धुसफुसत होती. कोपऱ्यावर येऊन तिनं तोंड उघडलंच.

"एक सांगा. ती चुकून लागला म्हणाली असती, तर?"

"तर हत्ती खेळली असती," मामा म्हणाला. "पाहणारा मी एकटा. हेतू काय होता ते खेळाडूच सांगणार. तिचं म्हणणं मानावंच लागलं असतं."

"मग सरळ उंट खेळ म्हणून सांगायचं होतंत. विचारलंत कशाला?"

मामानं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "चुकून लागला म्हणेल, असं वाटलं होतं मला. म्हणून तर विचारलं."

मी रस्त्यातच थांबले. जन्मात पहिल्यांदा मामानं मला खोटं बोलायला जागा करून दिली होती, आणि मी त्याची लाज राखायला म्हणून खरं बोलून बसले होते. मामाही थांबला होता. त्याचे डोळे भरून आले होते.

मामीनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"चला घरी," ती म्हणाली. "आणि आज दोघांपैकी कुणीही माझ्याशी बोलू नका."